काकूंच्या गाण्याची पुढची ओळ

तपासणीची जड गोल फ्रेम नाकावर चढली की भलाभला माणूस गरीब होतो. समोर अक्षरांचा तक्ता, डोळ्यांपुढे एकामागून एक बदलणारी भिंगं आणि कानाशी काकांचा ठरलेला प्रश्न, "पहिलं बरं, की दुसरं?" उत्तर चुकलं तर चुकीचा चष्मा गळ्यात पडेल या धास्तीने एरवी गल्ली डोक्यावर घेणारी माणसंसुद्धा "परत एकदा दाखवता का?" असं हळूच विचारतात. मधेच उठून जायची सोय नसते. गिऱ्हाइकाच्या या अडचणीचा गैरफायदा चष्मेवाल्या काकांनी उभ्या आयुष्यात कधी घेतला नव्हता. तो त्यांनी सत्तरीला टेकल्यावर घेतला, आणि तोही एका प्रेमगीतापायी.

काकांचं दुकान खाली, घर वर आणि मधे एक अरुंद लाकडी जिना. दुकानात फ्रेमांची दोन काचेची कपाटं, एक उंच खुर्ची आणि एक आरसा. त्या आरशात नवा चष्मा घालून पाहिलं की प्रत्येकाला आपण जरा जास्तच शिकलेले आहोत असं वाटायचं. मागे पडदा, पडद्याआड भिंगांच्या कडा घासायचं मशीन. काका अंगाने शिडशिडीत, कामाला चोख आणि बोलायला कंजूष. गाणं हा तर त्यांचा प्रांतच नव्हता. "मला सूर कळत नाही आणि सुराला मी कळत नाही," असं ते स्वतःच सांगत आणि विषय मिटवत.

बोलणं हे खातं काकूंचं. काका गिऱ्हाइकाचा नंबर काढत तेवढ्यात काकू त्याचं अख्खं घराणं काढत. कुणाची सून बाळंत झाली, कुणाच्या मुलाने नोकरी सोडली, कुणाचे गुडघे दुखतात, सगळं काकूंना तोंडपाठ. चष्मा न्यायला आलेला माणूस चष्मा विसरून जाई, पण काकूंशी बोलायचं विसरत नसे. काका मागे मशीनवर असत. पडद्यापलीकडून तो आवाज येत राहिला की त्यांना बरं वाटे. आपल्याला बरं वाटतंय हे मात्र त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मागच्या वर्षी एका सकाळी काकूंच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. त्या वाकून तुकडे उचलायला गेल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पक्षाघात. दवाखाना झाला, धावपळ झाली, जीव वाचला. उजवा हात आणि पाय कुरकुरत का होईना, थोडेफार कामाला लागले. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजायचं सगळं. विनोद झाला तर हसायच्या, चहा बेचव झाला तर तोंड वाकडं करायच्या, पण बोलायला तोंड उघडलं की "अं" पलीकडे काही निघायचं नाही. मग त्या डोळे मिटून घ्यायच्या. घर एवढं शांत झालं की काकांना जिन्याच्या पायऱ्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. आपण गप्प स्वभावाचे आहोत अशी त्यांची समजूत होती. बायको दोघांच्या वाटचं बोलत होती म्हणून आपल्याला गप्प राहणं परवडत होतं, हे त्यांना आत्ता कळलं.

अशात एके दिवशी काका खाली एका गिऱ्हाइकाचा डावा डोळा तपासत होते. वर दिवसभर सोबतीला येणाऱ्या बाई काकूंचे केस विंचरत होत्या. आणि छतातून गाणं आलं.

"थोडी तुझी सावली दे, ऊन फार आहे..."

आवाज काकूंचा होता. शब्द स्वच्छ, एकही अडखळलेला नाही. काका भिंग हातात तसंच धरून जिना चढले. गिऱ्हाईक बिचारं एक डोळा झाकलेल्या अवस्थेत तक्त्याकडे बघत बसून राहिलं. वर सोबतीच्या बाई कंगवा हातात धरून उभ्या होत्या आणि काकू खुर्चीत बसून पुन्हा तेच म्हणत होत्या. संथ, झोके घेणारी चाल. ओळ संपली, काकू थांबल्या. डावा हात पुढे केला, तळवा वर. आणि काकांकडे पाहत राहिल्या.

"काय हवंय? पाणी?" काकांनी पेला दिला. काकूंनी मान हलवली. बाईंनी रुमाल दिला, तो खाली टाकला. कंगवा दिला, तोही टाकला. मग हात मांडीवर घेऊन त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. इतक्या महिन्यांनी बायको बोलली होती, काहीतरी मागत होती आणि ते काय हे काकांना कळत नव्हतं.

काकूंना बोलायचा सराव द्यायला आठवड्यातून दोनदा एक तरुण मॅडम यायच्या. चित्रांचे पत्ते दाखवायच्या, ओठांच्या हालचाली करून घ्यायच्या, आणि एवढ्या धीराच्या की काकूंनी पत्ते भिरकावले तरी हसून गोळा करायच्या. गाण्याचं ऐकून त्यांचे डोळे चमकले. "असं होतं कधीकधी. बोलणं जातं आणि गाणं राहतं. आपल्याला आता तीच वाट धरायची. आधी गाण्यातला शब्द, मग हळूहळू गाण्याबाहेरचा. पण काका, त्या एका ओळीशी अडकल्यात. पुढची ओळ मिळाली तर त्या पुढे सरकतील. खात्री नाही देत हं मी."

खात्री कोण मागत होतं? काकांना दोरीचं टोक मिळालं होतं.

मॅडमनी तिथेच फोनवर ते शब्द टाकले आणि गाणं निघालं. जुन्या काळातलं, सायकलवरून जाणाऱ्या जोडीचं, टाळ्यांच्या तालावर उड्या मारणारं. "थोडी तुझी सावली दे, ऊन फार आहे, दोन पावलं सोबत ये, वाट फार आहे." काका खूश झाले. काकूंच्या कानाशी फोन धरला. काकूंनी दोन क्षण ऐकलं आणि डाव्या हाताने फोन असा ढकलला की तो कॉटखाली गेला. मग आपल्या त्याच संथ चालीत ती ओळ म्हटली, थांबल्या, हात पुढे केला.

"शब्द तेच, पण गाणं हे नाही," मॅडम गोंधळून म्हणाल्या. "ही चाल कुठली?"

ती चाल काकांना कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत होती. पण गाण्याच्या बाबतीत स्वतःवर विश्वास ठेवायची त्यांना सवय नव्हती. रेडिओवर कधी कानावर पडली असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानात तो प्रकार सुरू झाला.

गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम चढवायची, भिंग सरकवायचं, "पहिलं बरं की दुसरं?" विचारायचं आणि त्याच दमात, "बरं, ही चाल ओळखता का?" म्हणून गुणगुणायचं. काकांचं गुणगुणणं ऐकून सुरुवातीला लोकांना वाटलं त्यांना काही होतंय. एका गृहस्थांनी तर फ्रेमसकट उठून पाणी आणून दिलं. पण कारण समजलं की माणसं मनापासून विचारात पडायची. प्रत्येकाला काही ना काही ओळखू यायचं, फक्त प्रत्येकाला वेगळं. काकांचा सूरच तसा लवचिक होता, त्यात कुणालाही आपलं गाणं सापडावं.

आणि गाणं सापडलं की माणूस बदलायचा. हे काकांना नवीन होतं. आयुष्यभर त्यांनी लोकांचे डोळे पाहिले होते, अगदी जवळून, पण त्यात असं काही हलताना पाहिलं नव्हतं. बस चालवून निवृत्त झालेला एक दणकट, टक्कल पडलेला माणूस एका नदीकाठच्या गाण्याची आठवण निघाल्यावर एवढा हळवा झाला की तपासणी पुढे ढकलावी लागली. पाण्याने भरलेल्या डोळ्याचा नंबर काढता येत नाही. "गाणं फार भारी होतं अशातला भाग नाही," तो नाक पुसत म्हणाला. "पण ते लागलं ना, की माझ्या डोक्यावर केस येतात."

काकांना कुतूहल वाटू लागलं. शोध पुढच्या ओळीचा होता, पण त्यात हा दुसरा भुंगा डोक्यात शिरला. एवढं काय असतं या जुन्या गाण्यांत? चंद्र, वारा, वाट बघणं, डोळ्यांत पाणी. नायकाला कधी सर्दी होत नाही, नायिकेला कधी दळण आणायचं नसतं. रोजच्या जगण्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही ते लोकांनी एवढं जिवाशी का धरून ठेवावं?

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना सुईत दोरा ओवता येईना म्हणून त्या आल्या होत्या. त्यांना काकांनी सरळच विचारलं. बाई म्हणाल्या, "आमचे हे जन्मात एक गोड शब्द बोलले नाहीत. पण दाढी करताना आरशाकडे बघून गाणं म्हणायचे. आरशात मी मागे दिसायचे ना त्यांना. मला कळायचं. त्यांना वाटायचं मला कळत नाही." आणि मग, जवळून वाचायचा तक्ता घडाघडा वाचत, "तोंडाने बोलायला लाज वाटते अशा माणसांसाठीच असतात हो ती गाणी. कुणीतरी आधीच बोलून ठेवलेलं. आपण नुसतं त्याच्या आडून जायचं."

एका कॉलेजच्या मुलीलाही सायकलवालं गाणं पाठ होतं. काका चकित. "तुझा तेव्हा जन्म तरी झाला होता का?"

"माझ्या आईचाही नव्हता," ती म्हणाली. "पण काका, आमच्याकडे दोन मिनिटांत उत्तर आलं नाही की भांडण होतं. त्या गाण्यांत माणूस अख्खं गाणंभर नुसती वाट बघतो. मला ते ऐकायला आवडतं. मला जमणार नाही, पण ऐकायला आवडतं."

काका हे सगळं रोज वर जाऊन काकूंना सांगू लागले. बोलायची सवय नसलेला माणूस, पण सांगण्यासारखं साठलं होतं. कोण आलं, काय म्हणालं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. काकू डोळे विस्फारून ऐकायच्या, शिवणवाल्या बाईंच्या गोष्टीला तर हसून हसून खोकला लागला. मग गंभीर होऊन त्या आपली ओळ म्हणायच्या, थांबायच्या आणि तळवा पुढे करायच्या. काका त्या तळव्यावर आपला हात ठेवून पाहायचे. काकू तो क्षणभर धरायच्या, थोपटायच्या आणि बाजूला करायच्या. नाही, हे नव्हे.

कोडं अर्धं सोडवलं ते एका ट्रम्पेटवाल्याने. बँडमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, दात पडले म्हणून वाजवणं सुटलेलं, कान मात्र शाबूत. काकांचं गुणगुणणं ऐकून त्याने असा चेहरा केला, जणू कुणी त्याच्या पायावर पाय दिला. "तुम्ही नका म्हणू. मला वर घेऊन चला."

वर त्याने काकूंची ओळ तीनदा ऐकून घेतली आणि मांडीवर थाप मारली. "शब्द सायकलवाल्या गाण्याचे, चाल होडीतल्या गाण्याची. तो नावाडी वल्हवत वल्हवत म्हणतो बघा, ती. दोन वेगळी गाणी आहेत ही. एकाचं तोंड दुसऱ्याच्या धडाला लावलंय."

"असं कुणी गातं का?"

"शुद्धीवर असलेला माणूस नाही गात. ज्याने कुणी हे काकूंना शिकवलं ना, तो कानाने पार अधू असणार."

होडीतलं गाणं फोनवर लावून पाहिलं. काकू डोलल्या, खूश दिसल्या, पण नावाड्याचे शब्द सुरू झाले तशी मान हलवू लागल्या. हेही नव्हे.

ट्रम्पेटवाला चहा पिऊन गेला आणि काकांच्या मनात जो किडा बरेच दिवस वळवळत होता तो आता उघड फिरू लागला. ज्याने कुणी शिकवलं. म्हणजे हे गाणं रेडिओवरचं नव्हतं, कुणाच्या तरी तोंडचं होतं. कुणाच्या? लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत काकू एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्या शेजारी एक जण माउथ ऑर्गन वाजवायचा." एवढंच. स्वतःच्या औषधाची वेळ विसरणाऱ्या काकांनी हे वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर तो माणूस उभा राहिला. कुरळे केस, खिशात माउथ ऑर्गन, कुंपणाला रेललेला. सगळे शब्द गेले, नवऱ्याला हाक मारायचा शब्दसुद्धा गेला, आणि राहिलं ते त्याचं गाणं. काकांना या वयात मत्सर वाटला आणि आपल्याला तो वाटतोय याची लाजही वाटली. समाधान एकच. तो कानाने अधू होता. हे त्यांनी त्या आठवड्यात तीन-चार गिऱ्हाइकांना कारण नसताना ऐकवलं. "गाणारा अधू होता हो कानाने. पार अधू."

पण काकू दिवसेंदिवस खचत चालल्या होत्या. ओळ म्हणायच्या, हात पुढे करायच्या, काही मिळायचं नाही. आताशा त्या हात लवकर मागे घेऊ लागल्या होत्या. मॅडम जाताना जिन्यात थांबून म्हणाल्या, "काका, त्यांनी हेही सोडून दिलं तर मग अवघड होईल." त्या दिवशी काकांनी मेहुण्याला, म्हणजे काकूंच्या धाकट्या भावाला, फोन लावला.

"अरे, तुमच्या शेजारी एक माउथ ऑर्गनवाला होता. कुठे असतो तो?"

"तुम्हाला काय करायचंय, भाऊजी?"

"त्याला घेऊन ये. गाडीभाडं मी देतो. तुझ्या ताईच्या गाण्याची पुढची ओळ त्याला येत असणार. त्याने इथे येऊन म्हणावी. मी खाली दुकानात बसेन." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जरा हलला, पण त्यांनी ते पुरं केलं. काकू बोलणार असतील तर कुणाच्याही गाण्याने बोलोत.

पलीकडे मेहुणा हसत सुटला. "भाऊजी, तो दातांचा डॉक्टर झालाय. त्याला एकच वाजवता यायचं, शाळेतलं कवायतीचं. तेच रोज संध्याकाळी. ताई खिडकी लावून घ्यायची."

काकांनी फोन ठेवला. छातीवरचा धोंडा उतरला हे खरं, पण त्यासरशी हातातली दोरीही सुटली. आता विचारायला कुणी उरलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात काकांच्या मोठ्या ताई राहायला आल्या. ताई जवळच्या शाळेत शिकवायला होत्या तेव्हा, म्हणजे काकांचं नवीन लग्न झालं होतं त्या काळात, याच घरात राहायच्या. नंतर बदली होऊन गेल्या त्या गेल्याच. आता वयाने जिना चढवत नव्हता, तरी भावजयीला बघायला म्हणून दर पायरीला काकांना एकेक शिवी घालत वर आल्या. काकूंनी ताईंना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बोलता येईना म्हणून त्यांनी होतं नव्हतं ते एकमेव दिलं.

"थोडी तुझी सावली दे, ऊन फार आहे..."

ताई खुर्चीत बसता बसता थांबल्या. मग पदराने तोंड झाकून हसू लागल्या, थांबेचनात. "अगं बाई. अजून आहे का हे? याचं रडगाणं?"

"कुणाचं?" काकांनी विचारलं.

"तुझं. दुसऱ्या कुणाचं?"

"माझं? मी कुठे गातो?"

"हेच. हेच म्हणायचास. त्या मागच्या खोलीत भिंगं घासायला बसलास की सुरू. आठवतंय का, तेव्हा मशीन कुठलं, ते पायाने चालवायचं दगडी चाक होतं. सायकलवालं गाणं म्हटलं की तुझा पाय जोरात चालायचा आणि भिंगाची कड फुटायची. म्हणून तूच ती संथ चाल लावलीस, पायाच्या गतीला. लावलीस म्हणजे काय, लागली आपोआप. एकदा काय गातोस म्हणून विचारलं तर म्हणालास, मी कुठे गातोय. स्वतःचं घोरणं आणि स्वतःचं गाणं कुणाला ऐकू येतं का, मेल्या?"

काका पलंगाच्या कडेवर बसले. त्यांना गाणं आठवलं नाही. पण चाकावर पडणारी पाण्याची धार आठवली, ओल्या दगडाचा वास आठवला, आणि पायात कुठेतरी ती गती आठवली, वर, खाली, वर, खाली. स्वयंचलित मशीन आलं तेव्हा पायाला काम उरलं नाही. त्याबरोबर आणखी काय थांबलं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"मग मला कुणी सांगितलं का नाही नीट?"

"मी सांगणार होते. चांगली थट्टा करणार होते चार लोकांत. हिने माझे हात धरले. म्हणाली, ताई, त्यांना सांगू नका. कळलं की लाजतील आणि बंद करतील."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू जमिनीकडे बघत गालात हसत होत्या, चोरी पकडली गेल्यासारख्या. कानाने पार अधू. तीन-चार गिऱ्हाइकांना त्यांनी हे मोठ्या चवीने ऐकवलं होतं.

"आणि पुढची ओळ?" काका एकदम भानावर आले. सगळा जीव तिथे अडकला होता. "ताई, पुढची ओळ मी काय म्हणायचो? आठवून सांग. तिथेच अडलीय ही."

ताईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "पुढची? पुढची तुला येतच नव्हती. तू एवढंच म्हणायचास आणि थांबायचास. घासणं झालेलं असायचं ना तोवर."

काकू काकांकडे बघत होत्या. त्यांनी पुन्हा ओळ म्हटली, शेवटापर्यंत, थांबल्या, आणि डावा तळवा पुढे केला. आणि काकांना सगळं दिसलं, इतकं लख्ख त्यांनी कुठल्याही भिंगातून आजवर पाहिलं नव्हतं. ती अडकली नव्हती. गाणं तिथेच संपत होतं. भिंगाची कड घासून झाली की ते चाक थांबवायचे आणि शेजारी फ्रेम घेऊन बसलेल्या बायकोच्या हातात भिंग द्यायचे. गाण्यानंतर तिची पाळी असायची, भिंग खाचेत बसतंय का ते बघून सांगायची. इतके महिने ती आपली पाळी येण्याची वाट बघत होती आणि घरातली माणसं तिला पेला, रुमाल आणि कंगवा देत होती.

काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. अंगठ्याने उजवं भिंग फ्रेममधून अलगद बाहेर दाबलं. एका बाजूने रिकामी झालेली फ्रेम काकूंच्या मांडीवर, त्यांच्या अशक्त उजव्या हाताखाली ठेवली. मग कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढून ते काकूंच्या शेजारी बसले, तेव्हा बसायचे तसे, जरा तिरके. भिंगाची कड सदऱ्याच्या टोकावर घासायला सुरुवात केली आणि घसा खाकरला. जाणूनबुजून, शुद्धीवर असताना गायची ही त्यांची पहिलीच वेळ होती. ताई बघत होत्या, सोबतीच्या बाई दारात उभ्या होत्या, काकांचे कान तापले होते.

"थोडी तुझी सावली दे," काका म्हणाले. आवाज फाटला. पाय आपोआप हलू लागला आणि चाल त्याच्यामागून आली. "ऊन फार आहे..."

ते थांबले. भिंग काकूंच्या तळव्यावर ठेवलं.

काकूंची बोटं मिटली. त्यांनी भिंग वर उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं, कडेवरून अंगठा सगळीकडे फिरवला. मग उजव्या हाताने थरथरत फ्रेम धरली आणि भिंग खाचेला लावून पाहिलं. दाबलं नाही, नुसतं टेकवलं. भुवया जवळ आल्या. भिंग परत काकांपुढे धरत त्या म्हणाल्या,

"अजून थोडं घासा."

जीभ जड होती, "थोडं" मधे जरा वेळ लागला. पण शब्द होते, एकापुढे एक तीन, आणि त्यांना चाल नव्हती.

ताईंनी पदर डोळ्यांना लावला. चष्मा डोळ्यांवर असता तरी काकांना काहीच नीट दिसलं नसतं. भिंग त्या फ्रेमचंच होतं, केसभरही घासायची गरज नव्हती, आणि धंद्यातली एवढी गोष्ट सांगायची त्यांची आज छाती नव्हती.

"बरं," ते म्हणाले, आणि पहिल्यापासून म्हणायला लागले.